हमखास गुणांच्या सरांना सविनय पत्र

परमपूज्य गुरुवर्य,



आपण मला ओळखत नाही. मी निवृत्त मराठी शिक्षिका. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या आणि राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली सरावाचे निबंध घेऊन संध्याकाळी माझ्याकडे येतात. मी मात्र आपल्याला चांगली ओळखते. वहीवर नाव कुणाचंही असो, आत आपणच असता.

सर्वप्रथम आपल्या पुस्तिकेबद्दल मनापासून आभार. ती मला विकत घ्यावी लागली नाही. तिच्या झेरॉक्स अभ्यासिकेच्या प्रत्येक टेबलावर आहेत, आणि पानापानावर पिवळ्या शाईने अधोरेखित केलेल्या ओळी आहेत. पन्नास उदाहरणं, चाळीस सुविचार, आठ सुरुवाती, सहा शेवट. विषय कोणताही येवो, आठातली एक सुरुवात उचलायची, सामाजिक-राजकीय-आर्थिक-पर्यावरणीय-नैतिक असे पाच रकाने भरायचे, दोन्ही बाजू मांडायच्या, सुवर्णमध्य काढायचा आणि २०४७ च्या विकसित भारतात उतरायचं. विचार करण्याचे कष्ट आपण या मुलांच्या वतीने एकदाच घेऊन ठेवलेत. एवढा त्याग आजकाल कोण करतं?

गरुडाबद्दल तर आपले किती आभार मानावेत! आपला गरुड चाळिशीला आला की डोंगरावर जातो, खडकावर आपटून चोच पाडतो, नखं उपटतो, पाच महिने उपाशी बसतो आणि नव्या चोचीने आणखी तीस वर्षं जगतो. जिद्दीवरचा निबंध असो, बदलावरचा असो की वृद्धत्वावरचा, गरुड हजर. सर, चोच गेलेला पक्षी उपासमारीने मरतो. कुठलाही गरुड असं करत नाही. भारतीय वनसेवेची पूर्वपरीक्षा नागरी सेवांच्या पूर्वपरीक्षेबरोबरच होते, हे आपल्याला माहीत असेलच. म्हणजे उद्या ज्यांच्या हाती जंगलं आणि त्यातले पक्षी सोपवायचे, त्यांतलीही काही मुलं आपला गरुड पाठ करून जात आहेत.

बेडकाचंही तसंच. हळूहळू तापणाऱ्या पाण्यात बेडूक शांत बसून मरतो असं आपण शिकवता आणि हवामानबदलापासून लोकशाहीच्या ऱ्हासापर्यंत सगळीकडे त्याला बसवता. पाणी असह्य झालं की धडधाकट बेडूक उडी मारून बाहेर पडतो. आइन्स्टाइन गणितात नापास झाले नव्हते. पंधरा वर्षांचे होण्याआधीच त्यांनी कलनशास्त्र आत्मसात केलं होतं. हे सगळं कुठल्याही बऱ्या ग्रंथालयात अर्ध्या तासात तपासता येतं. आपण मुलांचा तो अर्धा तास वाचवलात. त्याबरोबर तपासण्याची सवयही वाचवलीत. प्रशासनात जाणाऱ्या माणसाला तीच सवय आयुष्यभर लागते.

आता दशरथ मांझींविषयी थोडं सविस्तर लिहू द्या. त्यांना आपण महाराष्ट्राच्या प्रत्येक अभ्यासिकेत पोहोचवलंत, याबद्दल मी खरोखर ऋणी आहे. बिहारच्या गया जिल्ह्यातल्या गेहलौर गावचा हा मजूर. डोंगराला वळसा घालून जाण्याच्या वाटेमुळे पत्नीला वेळेवर उपचार मिळाले नाहीत, ती गेली, आणि या माणसाने १९६० ते १९८२ अशी २२ वर्षं छिन्नी-हातोड्याने डोंगर फोडून वाट काढली. आपल्या पुस्तिकेत ही गोष्ट साडेतीन ओळींत येते आणि 'इच्छा तिथे मार्ग' या शब्दांवर संपते. मुलंही तिथेच थांबतात. प्रेम, शिक्षण, उद्योजकता, कृत्रिम बुद्धिमत्ता असे सगळे विषय माझ्यासमोर आले आणि प्रत्येकात तोच डोंगर, तीच छिन्नी, तोच मार्ग.

पण सर, मांझी मुसहर समाजाचे होते, भूमिहीन मजूर होते, हे आपल्या साडेतीन ओळींत का नाही? एक माणूस २२ वर्षं डोंगर फोडत होता, तेव्हा रस्ता बांधणं ज्यांचं काम होतं ते काय करत होते, हा प्रश्न का नाही? तो विचारणारा विद्यार्थी माझ्याकडे आला असता तर मी त्याची वही सगळ्यांना वाचून दाखवली असती. त्याने उदाहरण आपलंच घेतलं असतं, पण ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असतं. ज्याला उद्या गटविकास अधिकारी व्हायचं आहे, त्याने मांझींच्या जिद्दीपुढे हात जोडून पुढे जायचं, की त्या रस्त्याची फाइल बावीस वर्षं कुठे होती ते शोधायचं? आपण हात जोडायला शिकवलंत. फाइलचा विषय आपल्या वर्गात निघालाच नाही.

२०२३ च्या केंद्रीय परीक्षेत एक विषय होता: ज्या समाजात न्याय जास्त, त्याला दानधर्माची गरज कमी. सरावाला मी तोच दिला. माण तालुक्यातल्या एका मुलाने मदर तेरेसांपासून सुरुवात केली, बिल गेट्सवर आला आणि शेवटी न्याय आणि दान ही एकाच नाण्याच्या दोन बाजू असल्याचं सांगून थांबला. आपल्या पुस्तिकेशी तो अक्षरशः प्रामाणिक राहिला. नंतर चहा पिताना सहज विचारलं, तेव्हा म्हणाला, "बहात्तरच्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची. सुकडी मिळायची म्हणून." एवढं बोलून तो गप्प झाला. हे निबंधात लिहायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

विषयाचा अख्खा निबंध त्या एका वाक्यात होता, सर. सुकडी, म्हणजे दुष्काळी कामांवर वाटलं जाणारं खाणं, हे दान होतं. त्याच दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली, वि. स. पागे यांनी त्याआधीच तासगावात तिचा प्रयोग करून पाहिला होता, १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि काम मागणं हा हक्क झाला. त्या खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसायकर कापला जाऊ लागला. पुढे २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव समोर होता. आजीच्या ओंजळीतल्या सुकडीपासून संसदेच्या कायद्यापर्यंतचा प्रवास या मुलाच्या घरातून सुरू होतो. या योजनेत काय चुकलं, मजुरी किती उशिरा मिळाली, मस्टरवर खोटी नावं कशी चढली, हेही त्याच्या गावात माहीत आहे. तेही आलं असतं तर न्याय म्हणजे नुसता कायदा नव्हे, हे त्याच्या लेखणीतून आपोआप उमटलं असतं. आपण त्याला बिल गेट्स दिलेत. तो आपला आभारी आहे. मी त्याच्यापेक्षा जास्त.

२०२२ साली जंगल हा आर्थिक उत्कृष्टतेचा सर्वोत्तम धडा आहे अशा अर्थाचा विषय आला होता. त्यावर गडचिरोली जिल्ह्यातल्या एका मुलीने ॲमेझॉनबद्दल लिहिलं. ब्राझीलमधल्या ॲमेझॉनबद्दल! तिच्या तालुक्याला लागून धानोऱ्याच्या वाटेवर मेंढा-लेखा आहे. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला आणि बांबूच्या विक्रीचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात जमा होऊ लागला. जंगल आणि अर्थशास्त्र यांची याहून चांगली सांगड तिला कुठे सापडणार होती? विचारलं तर म्हणाली, "स्थानिक उदाहरणांनी निबंधाची पातळी खाली येते असं सर म्हणाले." आपण किती उंचीवरून बोलत असाल याची त्या दिवशी मला कल्पना आली.

भूमिकेबद्दलही आपले आभार मानायचे राहिले. 'परीक्षकाचं मत आपल्याला माहीत नाही, म्हणून आपलं मत सांगू नका,' हा आपला उपदेश मुलं मंत्रासारखा म्हणतात. प्रत्येक निबंध एका पायावर उभा राहतो, मग दुसऱ्यावर, आणि शेवटी दोन्ही पाय उचलून सुवर्णमध्यावर तरंगतो. विरुद्ध बाजू नीट ऐकून घ्यावी, तिचं सगळ्यात भक्कम म्हणणं मांडावं, हे मीही शिकवते. पण ऐकून झाल्यावर ठरवावं लागतं. तहसीलदाराला पंचनाम्यावर 'नुकसान झालं असंही म्हणता येईल आणि नाही असंही' लिहून चालत नाही. गारपिटीने बाग आडवी झालेला शेतकरी समोर उभा असतो.

आपण ज्या शहरात वर्ग घेता, त्याच शहरात गोपाळ गणेश आगरकर राहत होते. १८८१ साली 'केसरी' सुरू झाला तेव्हा ते त्याचे पहिले संपादक होते. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. मुलींच्या संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला आणि वयाची मर्यादा १० वरून १२ वर गेली. त्या वादात आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले, टिळक सरकारी हस्तक्षेपाच्या विरोधात. एकेकाळचे मित्र दोन टोकांना उभे राहिले. चिडलेल्या लोकांनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. तरी प्रतिपक्षाचा एकेक मुद्दा घेऊन त्याला उत्तर द्यायचं त्यांनी सोडलं नाही. मराठी निबंध कसा लिहावा हे ज्यांच्याकडून शिकायचं, त्यांतले हे एक. आपल्या पुस्तिकेत आगरकर आहेत, मी पाहिलं. 'थोर समाजसुधारक' या शीर्षकाखाली, राजा राममोहन रॉय आणि धोंडो केशव कर्वे यांच्या मध्ये, एका ओळीत. त्यांची भूमिका काय होती हे मात्र आपण लिहिलेलं नाही. जपून राहण्यात आपला हात कोण धरणार?

त्याच शहरात आणखी एका विद्यार्थिनीने निबंध लिहिला होता. तिचं नाव मुक्ता साळवे. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी, वय चौदाच्या आसपास, शाळेत येऊन झालेली वर्षं जेमतेम तीन. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये दोन अंकांतून छापून आला.

तिने उदाहरणं कशी निवडली ते पाहा. दूरच्या देशातला एकही महापुरुष तिला लागला नाही. पेशवाईत तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या मांग-महाराचं मस्तक उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याच्याशी चेंडू-दांडू खेळला जाई, हे ती लिहिते. गुलटेकडी आपल्या वर्गापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. घरावर छप्पर नसताना थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या आपल्या बायकांचं दुःख ती लिहिते. आणि मग भूमिका घेते. वेदांवर फक्त ब्राह्मणांचा अधिकार असेल, तर आमच्यापाशी धर्मग्रंथ नाही, आम्ही धर्मरहित आहोत, आता आमचा धर्म कोणता ते देवानेच सांगावं, असं तिचं म्हणणं. त्यापुढे जाऊन आपल्याच समाजाला ती शिकायला सांगते. हे सगळं अशा पुण्यात, जिथे तिच्या शाळेत जाण्यालाच विरोध होता.

आपण हा निबंध तपासला असता तर समासात काय लिहिलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला. 'मांडणी एकांगी. दुसरी बाजू येऊ द्या. भावनेवर नियंत्रण हवं. शेवट आशादायक करा. एखादं आंतरराष्ट्रीय उदाहरण जोडा.' आपल्या तपासलेल्या वह्यांवर ही वाक्यं मी रोज वाचते. तीच वाक्यं मुक्ताच्या वहीवर लावून पाहिली आणि मग मला हे पत्र लिहिल्याशिवाय राहवेना. पुण्यात सावित्रीबाईंवर फेकलेलं शेण आणि त्यांनी सोबत नेलेलं दुसरं लुगडं प्रत्येक निबंधात येतं, आपल्या कृपेने. त्यांच्या विद्यार्थिनीने काय लिहिलं हे मात्र माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांनी ऐकलेलंही नसतं.

मुलींवर बंधनांचं ओझं आणि मुलांवर अपेक्षांचं, अशा आशयाचा विषयही २०२३ च्या पेपरात होता. तो सोडवणारी एक मुलगी आणि एक मुलगा अभ्यासिकेत समोरासमोरच्या खुर्च्यांवर बसतात. मुलीला घरून एक वर्ष मिळालं आहे. या अटेम्प्टला झालं नाही तर लग्न. मुलगा कित्येक दिवाळ्या गावी गेलेला नाही, कारण गेलं की पारावर प्रत्येक जण विचारतो, "काय, लागला का निकाल?" दोघांनी मलाला लिहिली. दोघांनी कल्पना चावला लिहिली. दोघांनी समतेचा सुवर्णमध्य काढला. तो विषय जगणारी दोन माणसं तीन तास एकमेकांच्या समोर बसून तिसऱ्याच कुणाबद्दल लिहीत होती. स्वतःचं नाव, गाव, रडगाणं लिहू नये हे खरंच आहे. पण पाहिलेलं सत्य घरची माणसं उघडी न पाडता कसं मांडायचं, हे शिकवणं म्हणजे तर निबंध शिकवणं. ते अवघड आहे, वेळ खातं, आणि एका हॉलमध्ये तीनशे मुलं बसवून करता येत नाही. आपली अडचण मी समजू शकते.

आता गुणांविषयी. 'ही उदाहरणं वापरा, २५० पैकी १४० हमखास,' असं आपल्या फलकावर लिहिलेलं आहे. हे गुपित आपल्यापर्यंत पोहोचलं कसं, याचं मला कौतुक वाटतं. केंद्रीय आयोग पेपरनिहाय गुण सांगतो, तपासलेली उत्तरपत्रिका दाखवत नाही. परीक्षेची अशी माहिती उमेदवारांना द्यावी का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली. यशस्वी उमेदवारांच्या म्हणून ज्या निबंधांच्या प्रती आपण वाटता, त्या त्यांनी टेस्ट सिरीजमध्ये लिहिलेल्या असतात. परीक्षागृहात त्यांनी काय लिहिलं आणि परीक्षकाला त्यातलं नेमकं काय भावलं, हे आपल्याला ठाऊक असण्याचा मार्गच नाही. आयोगाला काय हवं ते त्याने अभ्यासक्रमात मोजक्या वाक्यांत छापलेलं आहे: विषयाला धरून राहा, विचार क्रमाने लावा, थोडक्यात लिहा, नेमक्या आणि परिणामकारक मांडणीला श्रेय मिळेल. त्यात गरुड नाही, पाच रकाने नाहीत. ते पान फुकट मिळतं, हीच बहुधा त्याची अडचण.

मुलं आपल्याकडे का येतात हे मला कळतं. खुल्या प्रवर्गाला सहा संधी, वय पुढे सरकतंय, कॉट बेसिसवरच्या खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे गावाकडून येतात. तीन तासांत हजार-बाराशे शब्दांचे दोन निबंध लिहायचे म्हणजे हात कापतो. अशा वेळी कुणी 'हे पाठ कर, पास होशील' म्हणालं तर कोण नाही म्हणेल? त्या भीतीवर आपला हॉल भरतो, सर. घाबरलेल्या माणसाला खोटा दिलासा विकणं फार सोपं असतं, आणि तो विकत घेणाऱ्याला मी कधीच दोष देणार नाही.

अमेरिकेतही आपल्यासारखे मार्गदर्शक होते. तिथे २००५ पासून महाविद्यालयीन प्रवेशाच्या एसएटी परीक्षेत २५ मिनिटांचा निबंध सक्तीचा झाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत लेखन शिकवणाऱ्या लेस पेरेलमन यांनी दाखवून दिलं की निबंध जितका लांब तितके गुण जास्त, आणि त्यातली माहिती चुकीची असली तरी बिघडत नाही. मुलं ठरलेली उदाहरणं पाठ करून जाऊ लागली. २०१६ मध्ये त्या निबंधाची सक्ती गेली आणि २०२१ मध्ये बहुतेक ठिकाणी तो बंदच झाला.

ही गोष्ट सांगितली ती एका भीतीपोटी. आपल्या राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचे पेपर कित्येक वर्षं गोल रंगवण्याचे होते. वर्णनात्मक पद्धत आणायची ठरली तेव्हा तयारीला वेळ मिळावा म्हणून २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर बसली आणि आयोगाने ती २०२५ पासून लागू केली. आता निबंधाला स्वतंत्र २५० गुणांचा पेपर आहे. म्हणजे जत, अहेरी, धडगावच्या मुलीला आपल्या भाषेत, आपल्या डोक्याने तीन तास बोलायची संधी राज्याने दिली आहे. एवढ्या मोठ्या परीक्षेत तिला 'तुला काय वाटतं?' असं खुलेपणाने विचारणारा हा पेपर. हजारो वह्यांतून एकच गरुड उडताना दिसला, तर या पेपराने काही कळत नाही असं उद्या कुणीतरी म्हणेल, आणि त्याला काय उत्तर देणार? मग पुन्हा गोल. त्याही वेळी आपली गोल रंगवण्याची पुस्तिका तयार असेल, याबद्दल मी निश्चिंत आहे. नुकसान अहेरीच्या मुलीचं होईल.

म्हणून हात जोडून विनवते. पुढच्या बॅचला पहिल्या दिवशी पुस्तिका देऊ नका. प्रत्येकाला विचारा, तुझ्या तालुक्यात गेल्या पन्नास वर्षांत काय बदललं, कुणामुळे बदललं, कुणाचं नुकसान झालं, आणि तुझ्या मते काय व्हायला हवं होतं. तो जे सांगेल त्यातली नावं, वर्षं, आकडे त्याच्याकडून तपासून घ्या. ग्रामपंचायतीचं दफ्तर आहे, जिल्हा गॅझेटियर आहेत, शासकीय ग्रंथालयं आहेत. अशी दहा उदाहरणं त्याने स्वतः उभी केली, तर पेपरात कुठलाही विषय आला तरी त्यातली दोन-तीन कामाला येतील, आणि ती का निवडली हेही तो सांगू शकेल. मुलाखतीत समोरच्या सदस्याने खोदून विचारलं तर मान खाली घालावी लागणार नाही. त्याने एखादी बाजू ठामपणे घेतली आणि ती आपल्याला पटली नाही, तर समासात 'एकांगी' लिहू नका. 'हे कशावरून?' असं विचारा.

हॉलमध्ये तीनशेऐवजी तीसच मुलं बसवावी लागतील. फीचं गणित बिघडेल. आपल्यासारख्या निःस्वार्थ गुरूला त्याचं काय?

या पत्राला आपण उत्तर द्याल अशी आशा आहे. त्यात आपली बाजू ठामपणे मांडावी. मला ती पटली नाही तरी मी पूर्ण वाचेन, आणि त्यातलं प्रत्येक उदाहरण तपासेन.

कळावे, लोभ असावा.

आपल्या विद्यार्थ्यांचे निबंध वाचणारी,
एक शिक्षिका